चढ तुझा, उतार सगळ्यांचा

गटाबरोबर जायचं ठरवलंस ते फार चांगलं केलंस. मांडवीहून निघून सागरी महामार्गाने थेट तेरेखोलपर्यंत, तेही मागे रेलून चालवायच्या आडव्या सायकलीवर, म्हणजे तयारी तशीच हवी. बाकी सगळ्यांच्या सायकली नेहमीच्या, सरळ बसायच्या. त्यांना मिळालेल्या सल्ल्यातलं निम्मं तुझ्या कामाचं नाही, आणि तुला जे लागेल ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. म्हणून मामा सांगतो ते नीट ऐक गो.

आधी रस्ता समजून घे. आपल्या किनाऱ्यावर सपाट असं फार काही नाही. जांभ्याचा सडा लागतो, सड्यावरून रस्ता खाडीकडे उतरतो, खाडीवर पूल, आणि पूल ओलांडला की लगेच समोर चढ. वर पोचलं की पुन्हा सडा. भाट्याला काजळी नदीचा पूल सोडलास की हे सुरू होतं आणि पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग करत पार खाली वेंगुर्ल्याच्या पुढपर्यंत तेच चालतं. आता तुझी सायकल बघ. उतारावर ती सगळ्यांच्या पुढे पळणार, सड्यावर समोरून वारा असला तरी तिला त्याचं काही वाटणार नाही, पण चढावर ती मागे राहणार. म्हणजे गट जिथे हळू तिथे तू जोरात, आणि गट जिथे रेटतो तिथे तू हळू. या रस्त्यावर हे दिवसातून कितीतरी वेळा होणार. तुझी सगळी तयारी या एका गोष्टीसाठी आहे.

हिशेबच करून दाखवतो. तीन किलोमीटरचा चढ आहे. गट ताशी दहाने चढला तर त्यांना १८ मिनिटं लागतात. तू सातने चढलीस तर जवळजवळ २६. एका चढाला आठ मिनिटांचा फरक. दिवसात असे चार चढ आले तर अर्ध्या तासाहून जास्त. हा फरक तू जीव काढून भरायला गेलीस तर दुसऱ्या दिवशी गुडघे उठू देणार नाहीत. तो वेगळ्या रीतीने भरायचा. पुलापाशी गट चहाला किंवा फोटोला थांबला की तू थांबायचं नाहीस, आधी चढाला लागायचं. ते मागून येतील, वर सगळे एकत्र. हे निघायच्या आधीच गटप्रमुखाशी बोलून ठेव, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

आधी निघालीस म्हणजे सोबत सोडलीस असं नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेची पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पुरी केली, ती आळीपाळीने सायकल चालवून. एक रस्त्यावर असताना दुसरा गाडीत. सोबत म्हणजे सतत शेजारी शेजारी असायला हवं असं नाही.

आता बैठक. याला पूर्ण एक दिवस दे, घाई करू नकोस. सायकल भिंतीला लावून उभी कर, सीटवर नीट मागे टेकून बस, कंबर आणि सीट यांत फट नको. पायात ज्या बुटांनी जाणार तेच बूट. आता टाच पॅडलवर ठेव आणि पॅडल सर्वांत लांब ने. पाय सरळ झाला पाहिजे, पण पार्श्वभाग सीटवर सरकायला नको. मग टाचेऐवजी चवडा ठेव, गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहील. तेच तुझं माप. पॅडल ज्या पुढच्या नळीला असतात ती बूम फार जवळ असली तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार लांब असली तर गुडघ्याच्या मागे नाहीतर टाचेच्या वरच्या शिरेत. दुखणं कुठे आहे त्यावरून बूम कुठे सरकवायची ते कळतं, आणि सरकवायची ती एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. माप जमलं की बूमवर नेलपॉलिशची बारीक रेघ मार. कुणी सायकल उतरवताना ती हलली तरी परत जागेवर आणता येईल. आणखी एक, बूम बरीच पुढे घेतलीस तर चेन अपुरी पडते. नेहमीच्या सायकलीच्या दोन-अडीच चेन जोडून तुझी एक चेन होते, तेव्हा तोडायची-जोडायची ती जाणत्या माणसाकडून.

आता गियर. आडव्या सायकलीवर उभं राहून जोर देता येत नाही. सरळ सायकलवाला चढ कडक आला की पॅडलवर उभा राहतो, अंगाचं वजन टाकतो. तुझ्याकडे फक्त पाय, आणि पाठीला सीटचा आधार. या आधारामुळेच एक मोह होतो: जड गियर टाकून सीटला पाठ रेटायची. जोर भरपूर लागतो, सायकल पळते, बरं वाटतं, आणि महिन्याभरात गुडघे जातात. ते करायचं नाही. हलका गियर आणि पायाचे फेरे जास्त. सपाटीला मिनिटाला ८० ते ९०, चढाला ७० च्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. त्यासाठी पुढची लहान चेनरिंग ३० दात्यांची किंवा त्याहून लहान हवी, मागे मोठी ३४ किंवा ३६ ची. दुकानातून आली तशी सायकल आपल्या चढांना पुरत नाही. खर्च कुठे करायचा म्हणशील तर आधी इथे कर, बाकी सगळं नंतर.

या बैठकीला पाय नवीन असतात. तू आजवर कितीही सायकल चालवली असलीस तरी आडव्या बैठकीला मांड्यांचे आणि पार्श्वभागाचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने राबतात. त्यांना जमायला दीड-दोन महिने द्यावेच लागतात. पाऊस असेतो थांब, शेवाळलेल्या रस्त्यावर हे पुढचं लहान चाक चटकन सटकतं. नवरात्रात सुरू कर. पहिले तीन-चार आठवडे २० ते ३० किलोमीटर, आठवड्यातून चारदा, सगळं हलक्या पायाने. मग आठवड्याचं एकूण अंतर दर वेळी दहाव्या हिश्शाने वाढव, आणि दर चौथ्या आठवड्याला हात आखडता घे. नोव्हेंबर सरत आला की शनिवार-रविवार लागोपाठ जा. एका दिवसात लांब जाणारे पुष्कळ असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायांनी परत बसणं हा सराव वेगळाच, आणि तुमची फेरी तीन दिवसांची आहे.

सरावाला लांब जायला नको. मांडवीहून भाट्याचा पूल, वरचा चढ, गोळप, पावस आणि परत. दुसरी वाट शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे करत गणपतीपुळ्याची. आरे-वारेचा उतार नजरेला फार सुंदर, पण तिथे दिवसभर गाड्या थांबलेल्या आणि माणसं फोटो काढत रस्त्यात उभी. त्या वाटेला पहाटेच जा.

चढावर थांबायची वेळ आली तर परत सुरू कसं करायचं, हे मोकळ्या चढावर पुन:पुन्हा घोटून घे, कारण गटात याच जागी धांदल उडते. थांबायच्या आधीच गियर सर्वांत हलका झालेला हवा. उभी राहिलीस की मागचा ब्रेक आवळून धर. एक पॅडल वर आण, घड्याळात एक वाजता काटा असतो साधारण तितकं. पाठ सीटला घट्ट. मग ब्रेक सोडणं आणि तो पाय पुढे ढकलणं एकदमच, आणि दुसरा पाय जमिनीवरून उचलून सरळ पॅडलवर. पहिल्या दोन फेऱ्यांत हँडलला ओढायचं नाही, खांदे ढिले. हँडल आवळलं की सायकल नागमोडी जाते. चढ फारच उभा असेल तर मागून काही येत नाही ना हे बघून सायकल थोडी तिरकी लावून निघ. तरी जमेना तर उतरून चाल, त्यात कमीपणा काही नाही. आणि पाय पॅडलला बांधलेला हवा, बुटाखालच्या क्लीटने नाहीतर पट्ट्याने. चालत्या सायकलीवरून पाय निसटून खाली टेकला तर तो सायकलीखाली मागे ओढला जातो आणि घोटा मोडतो. या बाबतीत तरी माझं नक्की ऐक.

उतारावर मात्र ब्रेकवर बोटं. तुझी सायकल वारा कापते. १९३३ च्या जुलैत पॅरिसला फ्रान्सिस फॉर नावाचा दुसऱ्या फळीतला शर्यतवीर शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलीवर बसला आणि एका तासात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर काटून गेला. १९१४ पासूनचा ऑस्कर एगचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी शर्यतीच्या सायकलीचे नियम असे बांधले गेले की ही बैठकच बाद झाली. तेव्हा तू उतारावर पुढे जाशील यात तुझं कौतुक नाही, सायकलीची ती जातच आहे. गटाला मागे टाकून खाली पोचायचं नाही. उताराच्या तोंडाशी सगळ्यांना पुढे सोड, दोन विजेच्या खांबांइतकं अंतर ठेव आणि मग सोड सायकल. तुझे पाय आणि चेनरिंग तुझ्या चाकाच्याही पुढे असतात, पुढचा अचानक थांबला तर आधी तेच त्याच्यात घुसतील. सड्यावरही गटाच्या मधोमध शिरू नकोस. तुझ्या मागे राहून कुणाला वाऱ्यापासून आडोसा मिळत नाही, आणि तुला कुणाच्या आडोशाची तशी गरज नाही. शेवटी रहा किंवा थोडी बाजूला.

मान वळवून मागे बघता येत नाही म्हणून दोन्ही बाजूंना आरसे. उंच लवचिक काठीला भगवा किंवा पिवळाधमक झेंडा, आणि मागे दिवसाही लुकलुकणारा दिवा. एसटीचा किंवा डंपरचा चालक उंचावर बसलेला असतो, तू त्याला चाकाच्या उंचीवर दिसतेस, वळणावर तर दिसतच नाहीस. वळणाच्या आतल्या बाजूला फार कडेने जाऊ नकोस, रस्त्याची हक्काची जागा घे. खड्डा आला की सरळ सायकलवाला अंग उचलतो, तुला ते करता येत नाही, सगळा दणका पाठीच्या मणक्याला. खड्डा लांबूनच हेरायचा, आणि गतिरोधकाला जवळजवळ थांबायचं.

ऊन थेट तोंडावर येतं, हनुवटीच्या खालीसुद्धा. पुढे झडप असलेली टोपी हेल्मेटच्या आत, गडद चष्मा. पाण्याची पिशवी सीटच्या मागे लाव, नळी खांद्यावरून तोंडाशी घे, म्हणजे हात सोडावा लागणार नाही. कोकमाचं सरबत मीठ घालून भर, आपल्या दमट हवेत त्याच्याइतकं काही चालत नाही. पोट भरून जेवून लगेच आडवं बसलीस तर घशाशी येतं. सकाळी निघताना मऊ भात तूप-मेतकूट, मग तासातासाला थोडं थोडं: केळं, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. तळलेलं मुक्कामाला पोचल्यावर. पायांची बोटं बधिर व्हायला लागली तर बूट ढिले कर आणि क्लीट टाचेकडे सरकव. बहुतेकांचं तेवढ्याने थांबतं.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, शांत. दुपारी खारे वारे सुटतात आणि किनाऱ्याला बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेला जाताना ते साधारण पाठीशी, सरावाला पावसहून परत येताना मात्र समोर. तू त्याचा त्रास मानणार नाहीस, पण गट दमलेला असेल. अशा वेळी पुढे निघून जाऊ नकोस.

मांडवीला राहतेस तर खारं पाणी आणि काळी वाळू ही दोन दुखणी कायमचीच. वाळूवर सायकल नेऊ नकोस. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने हलकेच धू, जोराचा फवारा बेअरिंगवर नको. फडक्याने चेन पुसत पुसत पूर्ण फिरव. तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीच्या सांध्यावर, दहा मिनिटं मुरू दे, मग वरचं सगळं तेल पुसून टाक. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं. चेन लांब म्हणून वेळ जास्त लागतो, तो काढायचा. चेन ज्या लहान चाकावरून वळते ते फिरतं आहे ना हेही तेव्हाच बघ.

बरोबर पुढच्या लहान चाकाच्या दोन ट्यूब आणि एक टायर स्वतःचे ठेव, गटात कुणाकडे त्या मापाचं नसणार. चेनच्या चार कड्या आणि जोडायचं हत्यार. तेरेखोलहून पुढे केरीला फेरीबोटीने जाणार असाल तर धक्क्याच्या उतारावर सायकलीवर बसून जाऊ नकोस. भरती ओसरली की तिथे शेवाळ असतं. उतर, सीटला धरून चालत ने, आणि बोटीत कठड्याला सायकल दोन ठिकाणी बांध, नाहीतर लांबीमुळे ती कलंडते.

डिसेंबरच्या सुरुवातीला गटातल्या दोघांना घेऊन गणपतीपुळ्याला जाऊन ये. सामान पूर्ण भरून, झेंडा लावून, चढाला तू आधी निघून. त्यांना तुझा वेग कुठे कसा असतो ते बघू दे. परत आलीस की सायकल घेऊन माझ्याकडे ये, बूम आणि ब्रेक एकदा बघून देतो.