वसईतील गावचे जुने चर्च : वास्तूचे थर आणि शब्दांचे थर

१. उद्दिष्टे

ह्या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस :

• धर्मग्रामाचा इतिहास आणि इमारतीचे वय यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• चर्चवास्तूचे प्रमुख भाग व त्यांचे कार्य सांगता येईल.
• उपासनेच्या भाषेतील बदलाचा वास्तूवर झालेला परिणाम विशद करता येईल.

२. प्रास्ताविक

भाषा आणि संस्कृती यांचे नाते ग्रंथांप्रमाणेच वास्तूंतूनही अभ्यासता येते. नंदाखाल, सांडोर, आगाशी, माणिकपूर ह्या वसई परिसरातील गावांच्या चर्चना सरसकट ‘पोर्तुगीज चर्च’ म्हटले जाते. हे वर्णन कितपत पुरेसे आहे, हा ह्या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

३. विषय-विवेचन

३.१ किल्ला आणि गाव

१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे किल्ल्यात फ्रान्सिस्कन, येशूसंघीय आणि डॉमिनिकन धर्मसंघांची भव्य चर्च उभी राहिली. तेथील प्रमुख चर्चच्या प्रवेशद्वारावरील शिलालेखात १६०१ मधील नूतनीकरणाची नोंद आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज निघून गेले, चर्च ओस पडली आणि त्यांच्या घंटा मेणवली, भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर अशा देवस्थानांत गेल्या.

गावांतील चित्र मात्र वेगळे होते. सामवेदी, वाडवळ, कोळी इत्यादी समाजांतील ख्रिस्ती माणसे आपल्या वाडीत आणि किनाऱ्यावरच राहिली. युरोपीय धर्मगुरूंची जागा एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली. किल्ल्यातील दगडी भिंती अधिक भक्कम होत्या. पण त्यांची निगा राखणारे कोणी उरले नाही. गावच्या चर्चला पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहणारे आणि भिंतींना चुना देणारे हात होते. म्हणून ती टिकली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. एका चर्चशी जोडलेल्या श्रद्धावंतांच्या समूहाला वसईत ‘धर्मग्राम’ म्हणतात. नंदाखालच्या धर्मग्रामाची स्थापना १५७३ ची मानली जाते. ते वर्ष समूहाचे आहे. आज दिसणाऱ्या प्रत्येक भिंतीचे नव्हे. दुरुस्ती, विस्तार आणि पुनर्बांधणी यांमुळे एकाच वास्तूत अनेक काळ नांदत असतात.

३.२ वास्तुरचना

जुन्या ग्रामीण चर्चची रचना सामान्यतः अशी असते. समोर पटांगण व त्यात क्रूस. त्यामागे पांढरी दर्शनी भिंत आणि घंटेचा मनोरा. आत लांबट सभागृह, त्यावर लाकडी छप्पर. टोकाला उंचवट्यावर वेदी आणि तिच्यामागे संतांच्या मूर्ती सामावणारे कोरीव लाकडी मखर. दाराशी बाप्तिस्माकुंड असते, कारण बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्तसभेतील प्रवेश. वरच्या सज्जात गायकवृंद बसतो. बाजूच्या भिंतीवरील उंच प्रवचनपीठ हे ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातील गरजेचे उत्तर होय.

३.३ भाषा बदलली, वेदी हलली

शतकानुशतके मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. वेदी मागील भिंतीलगत असे आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहत. ख्रिस्ती मराठी रचना मात्र जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. तरी वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी केली. मिस्सा मराठीत होऊ लागली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून बोलू लागले आणि त्यासाठी वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली. म्हणून काही जुन्या चर्चमध्ये मागे जुने मखर आणि पुढे नवी साधी वेदी, असे दोन काळ एकामागे एक उभे दिसतात.

३.४ शब्दांचे थर

असेच थर शब्दांतही आढळतात. पाद्री, क्रूस, मिस्सा, नाताळ हे शब्द पोर्तुगीजांतून आले. चर्च, फादर हे इंग्रजीतून आले. धर्मग्राम, धर्मगुरू, वेदी हे संस्कृतोद्भव. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलणारा माणूस हे सर्व शब्द एकाच वाक्यात सहज वापरतो. त्यातील कोणताही शब्द त्याला परका वाटत नाही.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. वाढत्या शहरीकरणात जुने चर्च पाडावे, वाढवावे की जपावे, असा निर्णय गावांपुढे येतो. वास्तूला केवळ ‘पोर्तुगीज’ मानले, तर जतन दर्शनी भिंतीपुरते उरते आणि पुढचे थर नकळत पुसले जातात.

४. सारांश

गावच्या चर्चचा आरंभ पोर्तुगीज काळातला; परंतु त्याचे टिकणे ही मराठी भाषक समाजाची कृती आहे. वास्तूचा आणि शब्दाचा उगम महत्त्वाचा असतो. मात्र त्यांचा अर्थ वापराने घडतो.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. किल्ल्यातील चर्च ओस पडली आणि गावांतील टिकली, याची कारणमीमांसा करा.
२. वेदीच्या स्थानातील बदल आणि उपासनेची भाषा यांचा संबंध स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील कोणत्याही एका प्रार्थनास्थळाच्या भागांची नावे नोंदवा व ती कोणत्या भाषेतून आली, ते शोधा.