'इयत्ता' आणि 'शैक्षणिक वर्ष' : एक अर्थविचार

शालेय व्यवहारात 'इयत्ता' आणि 'शैक्षणिक वर्ष' या संज्ञा पुष्कळदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. त्यांतील अर्थभेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'इदम्' या सर्वनामापासून 'इयत्' म्हणजे 'इतके' हे रूप होते. त्याला 'ता' हा भाववाचक प्रत्यय लागून 'इयत्ता' हा शब्द सिद्ध होतो. 'इतकेपणा', परिमाण, मर्यादा हा त्याचा मूळ अर्थ होय. 'रघुवंशा'च्या तेराव्या सर्गात राम सीतेला सागर दाखवतो, तेव्हा त्या रूपाची इयत्ता ठरवता येत नाही, या आशयाने कालिदासाने हाच शब्द योजला आहे. मराठीत अर्थसंकोच होऊन तो अध्ययनाच्या ठरीव परिमाणाचा वाचक झाला. कालवाचकता त्यात मुळात नाही.

मराठी भाषकाने हा भेद नकळत जपलेला दिसतो. 'चौथी', 'पाचवी' या स्त्रीलिंगी रूपांमागे 'इयत्ता' हे अध्याहृत विशेष्य आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र 'दुसऱ्या वर्षाला' असतो. 'तो यंदाही चौथीतच आहे' या वाक्यात वर्ष पालटले आहे, इयत्ता नाही. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याचे 'वर्ष वाया जाते'. इयत्ता वाया गेली असे कोणी म्हणत नाही. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात आला. तत्पूर्वी शालान्त परीक्षा अकरावीअखेर होत असे. त्या पिढीविषयी रूढ झालेला 'जुनी अकरावी' हा प्रयोगही काळापेक्षा शिक्षणाची पातळीच सांगतो.

हा भेद केवळ कोशातला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीपुरती ही मनाई शिथिल करण्याची मुभा सरकारांना दिली. नापासाच्या शिक्क्याने मुले शाळेपासून दुरावतात, म्हणून मूळ तरतुदीमागील करुणा नाकारता येत नाही. परंतु वयानुसार वर्ग ठरला, की इयत्तेचे मोजमाप कालगणनेकडे जाते. म्हणूनच त्याच कायद्याने अशा मुलासाठी विशेष प्रशिक्षणाचीही तरतूद केली. ती कागदावर राहिली, तर पाचवीच्या हजेरीपटावर नाव असूनही मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, ही विसंगती उरते.

वर्ष संपणे ही कालगणनेतील घटना आहे, इयत्ता पूर्ण होणे ही विद्यार्थ्याच्या ठायी घडणारी. मूल्यमापनाच्या परिभाषेत हे दोन शब्द वेगळे राहिले, तरच 'इतके' म्हणजे नेमके किती, हा प्रश्न शिक्षकाला विचारता येईल.