लिंबू शेवटी पिळ

चि. भाचेबुवांस,

शनिवारी ऑफिसातली मंडळी तुझ्याकडे जेवायला येणार आणि ग्वादालाहारात राहून तू त्या मेक्सिकन लोकांना त्यांच्याच पद्धतीची कोळंबी खाऊ घालणार, हे वाचून मजा वाटली. धाडसच आहे. मात्र सकाळी कोळंबीला मसाला-लिंबू लावायचं, फ्रिजमध्ये ठेवून ऑफिसला जायचं आणि संध्याकाळपर्यंत छान मुरू द्यायची, हा बेत आधी रद्द कर. मटणाला हे चालतं, कोळंबीला नाही. आपल्याकडे जितकं मुरेल तितकं चांगलं, हे इतकं डोक्यात बसलंय की थोडक्यात आटोपलं तर आळस केल्यासारखं वाटतं. कोळंबीचं मुरवणं झटपट असतं ते आपल्या सोयीसाठी नव्हे. तिला तेवढंच सोसतं.

लिंबातल्या आम्लाने तिच्यातली प्रथिनं उलगडतात आणि पुन्हा एकमेकांत गुंततात. विस्तवावर साधारण हेच होतं. वीस-पंचवीस मिनिटांत करडी, आरपार दिसणारी कोळंबी कडेने पांढरट होऊ लागते. ती तशीच ठेवून मग तव्यावर टाकलीस की आधीच अर्धी झालेली पुन्हा शिजते आणि चिवट होते. दिवसभर राहिली तर वरून पिठूळ लागते. सिनालोआ प्रांताकडचं आग्वाचिले तू खाल्लं असशीलच. कच्च्या कोळंबीवर लिंबाचा रस आणि वाटलेली मिरची, सोबत काकडी-कांदा, की लगेच पानात. जिथे सगळी भिस्त लिंबावर, तिथेसुद्धा ते लोक तिला दिवसभर भिजत घालत नाहीत. आणि पांढरी झाली म्हणजे त्यातले जंतू मेले असं मुळीच नाही. म्हणून आग्वाचिले खायचं ते माझातलानसारख्या बंदरात, माल ताजा असल्याची खात्री असेल तिथे. पाहुण्यांसाठी आपण विस्तवावरचंच करू.

खरा वेळ द्यायचा तो मिरचीला. बाजारात लांबट, गुळगुळीत, काळपट लाल सुकी मिरची मिळते ती ग्वाहियो. रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा, म्हणजे आपल्या ब्याडगीच्या स्वभावाची. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला चार घे. देठ आणि बिया काढ, मिरची उभी चिरून उलगड आणि कोरड्या तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी काही सेकंदच भाज. वास सुटला, रंग जरा बदलला की उचललीच पाहिजे. काळी पडली तर टाकून दे, कारण तो कडूपणा पुढे कशानेही जात नाही. मग पंधरा मिनिटं गरम पाण्यात भिजव. त्याच तव्यावर चार-पाच पाकळ्या लसूण सालासकट भाज, डाग पडून आतून मऊ होईपर्यंत.

धुराचा वास हवा असेल तर चिपोत्लेचा छोटा डबा आण. पिकलेली हालापेन्यो धुरावर सुकवली की ती चिपोत्ले. डब्यात ती आंबट-तिखट रसात बुडवलेली असते. एकच मिरची आणि चमचाभर रस पुरे, नाहीतर बाकी कशाची चवच लागणार नाही. हे सगळं अर्धा चमचा ओरेगानो, पाव चमचा जिरं, पाऊण चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे तेल घालून गुळगुळीत वाट. ओरेगानो तिथलाच घे. पिझ्झावर भुरभुरतात तो वेगळ्या कुळातला. मेक्सिकोतला घाणेरीच्या कुळातला आहे आणि चवीला जास्त उग्र. जिऱ्याला हात आखडता ठेव. सवयीने तू चमचाभर टाकशील आणि धणेपूड शोधायला लागशील. गरम मसाला तर लपवूनच ठेव.

त्यांच्या स्वयंपाकघरात आपण अगदी परके नाही, बरं का. लसूण आणि जिरं तिकडे पोचले स्पॅनिश लोकांबरोबर. लिंबाच्या जातीच्या फळांच्या बिया १४९३ सालच्या कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर उतरल्या. तुझ्या बाजारातलं ते छोटं, हिरवं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच. उलट मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांमुळे. त्याआधी कोकणातल्या आणि गोव्यातल्या कालवणांचा तिखटपणा मुख्यतः मिऱ्यांवर असणार. तेव्हा शनिवारी कुणी ‘भारतीयाला हे कसं जमलं?’ म्हणालं, तर सांगायला तुझ्याकडे गोष्ट आहे.

आता कोळंबी. मोठी घे, म्हणजे शिजवताना हाताशी थोडा वेळ राहतो. तुझ्या गावाला समुद्र नाही, तेव्हा गोठवलेली घ्यायला लाजू नकोस. सापोपानच्या मेर्कादो देल मार या मासळीबाजारात बर्फावर मांडलेली कोळंबीही पुष्कळदा आधी गोठवलेलीच असते. पाकिटावर फॉस्फेट लिहिलेलं असेल तर ते पाकीट ठेवून दे. तसली कोळंबी पाणी धरते आणि तव्यावर सगळं सोडून देते. बर्फ सोडवायला थंड पाण्यात ठेव, गरम पाण्यात कधीही नाही. पाठीला चीर देऊन काळा दोरा काढ आणि मग फडक्याने कोरडी कर. हे कोरडं करणं सगळे टाळतात, आणि मग मसाला अंगाला धरत नाही म्हणून कुरकुर करतात.

पाहुणे आल्यावर त्यांना काहीतरी प्यायला दे, मग वाटण चोळ. तव्याच्या पंधरा मिनिटं आधी दोन लिंबं पिळ. त्यात पपई किंवा ताजं अननस मात्र घालू नकोस. मटण मऊ करणारी ती फळं कोळंबीचा लगदा करतात.

बिडाचा तवा खूप तापव. एका वेळी थोड्याच टाक; गर्दी झाली की भाजायच्या ऐवजी उकडतात. एका बाजूने दीड-दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने त्याहून कमी. अर्धचंद्र झाला की उतरव, पूर्ण गोल वळली म्हणजे उशीर झाला. कच्ची कोळंबी लागलेलं उरलेलं वाटण तसंच वर ओतू नकोस. एक उकळी आण किंवा टाकून दे. मक्याच्या तोर्तिया गरम करून दे, सोबत बारीक चिरलेला कोबी, पांढरा कांदा, कोथिंबीर आणि अॅव्होकाडो. लिंबाच्या फोडी भरपूर ठेव. तिथे जो तो आपल्या हाताने पिळून घेतो, म्हणून आधीचं लिंबू थोडं कमी पडलं तरी काही बिघडत नाही.

सालं आणि डोकी फेकू नकोस. उरलेल्या ग्वाहियोबरोबर उकळून गाळलीस की काल्दो दे कामारोन होतं. तिकडच्या कांतिनांत ते छोट्या पेल्यात गरमागरम देतात, बहुतेकदा सुकवलेल्या कोळंबीचं. तुझ्या आईला त्यातच नारळाचं दूध घालावंसं वाटेल. तिला फोनवर सांगू नकोस.

कोळंबीची कुणाला अॅलर्जी आहे का, ते आजच विचार. शनिवारी दारात विचारून उपयोग नाही. आणि तुझा तो सोलापूरचा शाकाहारी सहकारी येणार असेल तर कोळंबीला हात लावण्याआधी थोडं वाटण वेगळं काढ आणि त्याच्यासाठी त्यात मश्रूम परत, वेगळ्या तव्यावर. त्यांना लिंबू सकाळीच लावलंस तरी माझी हरकत नाही.

तुझा,
मामा