बायपोलरच्या गोळ्या चालू असतील तर रात्रीची राखण नको

आज माशाच्या भावाचं नाही, तब्येतीचं लिहितोय.

आपल्या एका सभासदाला बायपोलरचा आजार आहे. (घरच्यांना विचारूनच लिहितोय, नाव घेत नाही.) या आजारात मनाची कधी तेजी, कधी मंदी. तेजीत झोप नको वाटते, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो. मंदीत माणूस अंथरूण सोडत नाही. गोळ्यांनी तो आता बरा आहे, पण परवा म्हणाला, "काट्यावरचा आकडा वहीत लिहीपर्यंत विसरतो बघा. डोकं कामातून गेलं का माझं?"

तसं काही नाही. विसरणं, लक्ष न लागणं या आजारात बऱ्याच जणांना होतं. मात्र झटके वारंवार आले तर डोक्याला जास्त जड जातं, म्हणून आधी झटका टाळायचा.

झोप मोडली की झटक्याला वाट मिळते. आपला धंदा तर सांजेला जाळं सोडायचं, रात्री राखण, पहाटे ओढायचं. एका रात्रीच्या जागरणानेही तेजी सुरू होऊ शकते. नावमालकांनो, अशा माणसाचं काम तोडू नका, फक्त रात्रीची पाळी काढा. जाळं दुरुस्ती, विक्री, हिशेब दिवसा द्या. झोपायची वेळ रोज एकच ठेवा, जत्रा-लग्नातसुद्धा.

लिथियमची गोळी असेल तर नीट वाचा. उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. नावेत पाण्याची बाटली हवीच. मीठ एकदम तोडू नका. जाळं ओढून अंग दुखतं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतो ना आपण? त्यानेही वाढतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ततपासणी सांगितलेल्या तारखेला करा. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

बीपी-शुगर ताब्यात ठेवणं, रोज चालणं, चार माणसांत बसणं याचाही डोक्याला फायदा. दारू आणि तंबाखू सोडाच. (तंबाखूबद्दल मला बोलायला तोंड नाही, पण खरं ते खरं.)

टेली-मानस 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत-कन्नडमध्ये बोलतात. कुणी जीव नकोसा झाला म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, तिथेच बसून फोन लावा.

आपल्या त्या सभासदाने आता वही काट्यालाच दोरीने बांधली आहे. वजन झालं की तिथेच लिहितो.

– सेक्रेटरी