दुएल : एका फ्रेंच खेड्याची तीस वर्षे

अर्थशास्त्रातील आकडे रुक्ष असतात, अशी आम्हां विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार असते. परंतु आकड्यांतूनही एका खेड्याची कहाणी सांगता येते. याचा उत्तम नमुना फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ ज्यां फोरास्तिए यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सापडतो. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘वैभवाची तीस वर्षे’.

पुस्तकाच्या आरंभी मादेर आणि सेसाक या दोन गावांची तुलना येते. मादेर गरीब, सेसाक संपन्न. वाचकाला वाटते, ही दोन गावे दोन निराळ्या देशांतली असावीत. मग लेखक उलगडा करतात की, गाव एकच आहे. ते म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधील, लॉट नदीकाठचे, काओर शहराजवळचे दुएल. मादेर हे त्याचे १९४६ चे रूप, तर सेसाक १९७५ चे.

१९४६ मध्ये लोकसंख्या ५३४ होती. कामकरी माणसे २७९ आणि त्यांपैकी २०८ शेतकरी, म्हणजे शेकडा सुमारे ७५. सबंध गावात ट्रॅक्टर २ आणि मोटारी ५. १९७५ मध्ये लोकसंख्या ६७० झाली, पण शेतकरी उरले केवळ ५३, म्हणजे कामकऱ्यांत शेकडा सुमारे २५. ट्रॅक्टर मात्र चाळीसच्या घरात गेले आणि मोटारी २८० च्या आसपास. गव्हाचे हेक्टरी उत्पन्न १२ क्विंटलांवरून ३५ वर पोहोचले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि घरी शेती आहे. त्यामुळे हे आकडे वाचताना मनात पहिला प्रश्न आला : उरलेले १५५ शेतकरी कुठे गेले? याचे उत्तर त्याच तक्त्यात आहे. दुकाने, कचेऱ्या, शाळा, वाहतूक अशा सेवांत १९४६ मध्ये ३२ माणसे होती, ती १९७५ मध्ये १०२ झाली. शेतीबाहेरील मजूर १२ वरून ३५ झाले. म्हणजे शेतकरी घटले, तरी गाव ओस पडले नाही.

दुसरी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. लोकसंख्या वाढूनही कामकऱ्यांची एकूण संख्या २७९ वरून २१५ वर आली. ही बेकारी नव्हे. मुले शाळेत अधिक वर्षे बसू लागली. १९५९ च्या सुधारणेने सक्तीच्या शिक्षणाची मर्यादा सोळा वर्षांपर्यंत नेली. वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. थोडक्यांच्या श्रमावर अनेकांचे पोट भरू लागले, म्हणूनच शेतकऱ्याच्या मुलाला वर्गात बसणे परवडले.

तरीही या तुलनेकडे डोळसपणे पाहायला हवे. १९४६ हे युद्धानंतरच्या टंचाईचे वर्ष. फ्रान्समधील रेशनिंग १९४९ मध्ये संपले. सुरुवातच खालून केली की चढ अधिक उंच दिसतो. शिवाय दुएलजवळ काओर आहे. मोटार असली की गावात राहून शहरात नोकरी करता येते. ज्या गावांजवळ शहर नाही, त्यांचे काय? लॉट जिल्ह्याची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे तीन लाख होती, ती १९६८ मध्ये दीड लाखावर आली. वैभवाच्या वाटेवर कित्येक खेडी रिकामी झाली, हेही त्याच प्रदेशाचे सत्य आहे.

शेती टिकली तीही आपोआप नव्हे. १९५६ च्या कडाक्याच्या थंडीत या भागातील द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. शेतकऱ्यांनी त्या पुन्हा लावल्या आणि १९७१ मध्ये काओरच्या वाइनला सरकारी मानांकन मिळाले.

तेव्हा मित्रहो, शेतीतून माणसे बाहेर पडली म्हणजे खेडे संपले, असे म्हणता येत नाही. आणि ट्रॅक्टर आले म्हणजे खेडे तरले, असेही नाही. बाहेर पडणाऱ्याला जवळपास काम मिळते का आणि मागे राहणाऱ्याच्या मालाला किंमत येते का, हे दोन प्रश्न प्रत्येक गावाला विचारावे लागतील. पदवी घेऊन घरी परतताना मलाही तेच विचारायचे आहेत.