पाठीची उसण आणि मानेची दुखापत

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील किहीम हे समुद्रकाठचे गाव नारळी-पोफळीच्या वाड्यांसाठी ओळखले जाते. माडावर चढून नारळ उतरविणे, दिवसभर वाकून भाताची लावणी करणे, मासळीची पाटी डोक्यावरून नेणे ही या किनारपट्टीवरील नित्याची कामे होत. या कामांचा भार अखेर पाठीच्या कण्यावर पडतो. म्हणूनच पाठीची व मानेची साधी दुखापत कोणती आणि धोक्याची कोणती, हे प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

दुखापत कशी होते?

मानेत ७, पाठीत १२ व कमरेत ५ मणके असतात. मणक्यांना परस्परांशी बांधून ठेवणारे चिवट पट्टे म्हणजे अस्थिबंध. कण्याला हालविणारे व तोलून धरणारे ते स्नायू. कमरेत वाकून, अंगाला पीळ देत एकदम ओझे उचलले की हे तंतू ताणले जातात, क्वचित तुटतात. पुष्कळदा उसण भरते ती यामुळेच. गुडघे वाकवून व ओझे अंगाशी धरून उचलल्यास हा ताण बराच कमी होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोग्रॅम ही ओझ्याची कमाल मर्यादा सुचविली होती.

विश्रांती किती?

अशी दुखापत बहुधा काही आठवड्यांत बरी होते. मात्र अंथरुणाला खिळून राहिल्याने स्नायू दुबळे होतात. एकदोन दिवसांनंतर, सोसेल तेवढे चालणे-फिरणे हितावह ठरते. पाय बधिर किंवा लुळा पडणे, लघवी तुंबणे वा नकळत होणे, पाठदुखीबरोबर ताप येणे, ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

माडावरून पडल्यास

येथे प्रश्न उसणीचा नसतो. मणका मोडला असल्यास हातपाय धरून उचलल्याने मज्जारज्जूला इजा होऊन कायमचे पंगुत्व येऊ शकते. जखमीला बसवू नये, पाणी पाजू नये, मान चोळू वा वळवू नये. डोके व मान आहे त्या स्थितीत स्थिर धरून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वासोच्छ्वासाकडे लक्ष ठेवावे.

धावून येणारे शेजारी मायेपोटीच जखमीला उचलतात. पण अशा वेळी न उचलणे हीच खरी मदत होय. ही गोष्ट शाळेत आणि ग्रामसभेत समजावून सांगितली गेली, तर एखादा कर्ता माणूस जन्माचा अपंग होण्यापासून वाचू शकेल.