खिशातील दप्तर

शेतकऱ्याच्या मोबाइलमध्ये कोणकोणती ॲप असावीत, असा प्रश्न संघाच्या सभासदांकडून हल्ली वरचेवर येऊ लागला आहे. विचारणारांत मुरबाड-शहापूरकडील भातकरी बांधव आहेत. तसेच मलंगगडाच्या पायथ्याशी वडिलोपार्जित चार खाचरे राखून स्वतः नोकरीनिमित्त कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर या बाजूस बिऱ्हाड केलेलेही पुष्कळ आहेत. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात कागद चाळण्यात गेली. सबब आमची आवडनिवडही त्याच वळणाची असणार, हे वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावे. तरुण मंडळी ज्या ॲपांवर रात्री जागवितात त्यांविषयी आम्हांस काही सांगावयाचे नाही.

पहिला मान आम्ही ई-पीक पाहणी या ॲपास देतो. त्याचे कारण समजण्यास सातबारा म्हणजे काय हे नीट समजले पाहिजे. पुष्कळांचा समज असा की सातबारा हा एकच कागद आहे. वस्तुतः ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख. जमीन कोणाच्या नावे, क्षेत्र किती, आकार किती, बोजा कोणाचा, हे त्यात असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही; त्या जमिनीत त्या साली कोणत्या हंगामी काय पिकले ते तीत असते. लोक सातवर जिवापाड लक्ष ठेवतात आणि बाराकडे ढुंकून पाहात नाहीत. पूर्वी ही बारा नंबरची नोंद तलाठी शिवारात फिरून करीत असे. एका तलाठ्याकडे तीन-तीन, चार-चार गावे. मग शिवारफेरी कशी होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. चावडीत बसून गतसालचे पीक यंदा उतरविले गेल्याची उदाहरणे दप्तराशी संबंध आलेल्या कोणासही नवी नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून सबंध महाराष्ट्रात ही नोंद खातेदाराने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत सुरू झाली.

ही नोंद न केल्यास काय होते? आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाई तीस गुंठे भात लावतात. मुलगा अंबरनाथेस कारखान्यात. त्यास सुटी मिळाली नाही, आणि पाहणीची मुदत निघून गेली. भात उत्तम आला. परंतु आधारभूत किमतीच्या खरेदीसाठी नावनोंदणीस गेल्या तो सातबाऱ्यावर त्या हंगामी भाताची नोंद नाही. खाचरात उभे पीक गावाने पाहिले होते. पण कागदावर ते नव्हते, आणि खरेदी कागद पाहून होते. शेवटी व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाने त्यांनी ते घातले. अतिवृष्टीचे अनुदान, पीकविमा, पीककर्ज यांतही बारा नंबर पुढे मागितला जातो. म्हणून आम्ही या ॲपाविषयी विस्ताराने लिहीत आहोत.

नोंद करताना खाचरातच उभे राहावे. मोबाइलचे ठिकाण दाखविणारे साधन चालू करून ठेवावे, कारण ॲप छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवून घेते, आणि आपण गटापासून दूर असल्यास तशी सूचना देते. घराच्या ओट्यावरून काढलेले चित्र चालत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रथम गाव निवडावे, मग खाते क्रमांक, मग गट क्रमांक, मग हंगाम. त्यानंतर पीक, लागवडीची तारीख, पाण्याचे साधन आणि क्षेत्र भरावयाचे. डोंगराच्या कुशीत रेंज नसल्यास घाबरू नये. माहिती भरून ठेवावी व रेंज आली म्हणजे ती वर चढवावी. मात्र ती चढली किंवा नाही हे पाहिल्यावाचून मोबाइल खिशात घालू नये. चुकीची नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करता येते.

सर्वांत अधिक घोटाळा क्षेत्रात होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे लिहिलेले असते. ०.३०.५० याचा अर्थ ३० आर व ५० चौरस मीटर. आपला शेतकरी बोलतो मात्र गुंठ्यात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आणि १ आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. तेव्हा गुंठा व आर जवळजवळ सारखेच. ४० गुंठ्यांच्या एकराचे ४०.४७ आर होतात. फरक फार नाही. घोटाळा होतो तो दशांशचिन्हाचा. वीस गुंठे भातास हेक्टराच्या रकान्यात ०.२० लिहिण्याऐवजी २० लिहिले, तर वीस हेक्टर, म्हणजे जवळजवळ पन्नास एकर होतात! उलट ०.०२ लिहिले तर वीस गुंठ्यांचे दोन गुंठे होतात आणि अनुदानही दोनच गुंठ्यांचे पदरात पडते. म्हणून भरण्यापूर्वी कागदावर आकडा मांडावा.

दुसरी गोष्ट सामाईक खात्याची. आपल्याकडे तीन भावांचे एक खाते, आणि खाचरे तोंडी वाटणीने कसली जातात, हे सर्रास आहे. अशा वेळी प्रत्येकाने आपापल्या वहिवाटीतील क्षेत्रापुरतीच नोंद करावी. थोरल्याने उत्साहाने सगळे क्षेत्र आपल्या हाताने भरून टाकले की धाकट्यांस नोंदविण्यास काही उरत नाही, आणि पुढे अनुदान एकाच्या खात्यात जमा झाले म्हणजे दिवाळीत भावाभावांत बोलणे बंद होते. पाहणीपूर्वी भावांनी एकत्र बसून कोण किती भरणार हे ठरवावे.

तिसरी गोष्ट रब्बीची. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल, हरभरा टाकण्याची आपली जुनी चाल आहे. खरीपाची नोंद केली म्हणजे साल संपले असे समजून रब्बीची पाहणी बहुतेक कोणी करीत नाही. त्या हंगामाची पाहणी वेगळी, मुदतही वेगळी. बांधावरची झाडे, विहीर, पड जमीन यांचीही नोंद याच ॲपातून होते. आंबा-साग बांधावर असून कागदावर नसेल तर रस्त्याच्या वा धरणाच्या भूसंपादनात त्याची किंमत मागताना नाकी नऊ येतात. मुदती दरसाल जाहीर होतात, त्या पाहाव्या. ज्यांच्यापाशी असा मोबाइल नाही, अथवा मुदतीत ज्यांच्याकडून होत नाही, त्यांच्या नोंदीकरिता गावोगाव सहायक नेमलेले असतात; त्यांस गाठण्यात संकोच करू नये. मात्र सहायकाने भरलेली नोंद आपण स्वतः पाहावी. यंत्रात लिहिले गेले म्हणून ते खरे, असे नाही. लिहिणारा हात माणसाचाच असतो.

आता नमुना सातकडे वळू. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याची फी प्रत्येक उताऱ्यास १५ रुपये. ज्या काळी एका उताऱ्यासाठी सजाच्या गावी तीन फेऱ्या होत, तो काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस या पंधरा रुपयांचे मोल सांगावयास नको. नुसता पाहावयाचा असल्यास महाभूलेखावर फुकट पाहता येतो. तो कचेरीत दाखल करण्यास चालत नाही इतकेच. आमचा सभासदांस आग्रह आहे की दर तिमाहीस आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा एकदा उघडून पाहावा, आणि विशेषेकरून ‘इतर हक्क’ हा रकाना अक्षरशः वाचावा. कल्याण, अंबरनाथ व मुरबाडच्या रस्त्यालगत जमिनीस आलेला भाव सर्वांस माहीत आहे. जेथे भाव, तेथे डोळा. जो मालक शहरात राहतो आणि गावी फक्त गणपतीस जातो, त्याच्या जमिनीवर फेरफार पडल्याचे त्यास वर्षवर्ष कळत नाही.

फेरफार म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद. ती धरल्यावर संबंधितांस नोटीस काढावी लागते व हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ही नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, अथवा चावडीच्या फळ्यावर लागते. आणि चावडी मुरबाडेकडे, मालक विठ्ठलवाडीस. याकरिता ‘आपली चावडी’ म्हणून जी सोय महाभूमीच्या संकेतस्थळावर केलेली आहे ती आम्हांस फार मोलाची वाटते. जिल्हा, तालुका, गाव निवडले की त्या गावातील चालू फेरफारांच्या नोटिसा घरबसल्या दिसतात. पंधरवड्यातून एकदा, पगाराचा व मध्याचा असे दोन दिवस ठरवून, पाच मिनिटे तिकडे पाहावे. हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी, पोच घ्यावी. मुदतीनंतर प्रांताकडे अपील चालते खरे. पण पंधरा दिवसांत एका अर्जाने जे झाले असते त्यास मग वकील लागतो, तारखा लागतात आणि कित्येकदा वर्षे जातात.

हवामानासाठी दोन ॲप ठेवावी. ‘मेघदूत’ हे २०१९ साली निघाले. भारतीय हवामानशास्त्र विभाग, पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था व भारतीय कृषी संशोधन परिषद यांच्या सहकार्याने ते चालते. जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज आणि त्याबरोबर पिकाचा सल्ला मराठीत मिळतो. सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी नवा येतो, म्हणून फवारणी व खताचा दुसरा हप्ता त्या दिवशी पाहून ठरवावा. अंदाज जिल्ह्याचा असतो, आपल्या खाचराचा नव्हे. ठाण्यास ऊन आणि माळशेजेस धो धो पाऊस हे आपण नेहमी पाहतो. तेव्हा घाटाच्या बाजूच्या बांधवांनी तो तारतम्याने घ्यावा.

दुसरे ‘दामिनी’. हे पुण्याच्याच संस्थेने केलेले आहे व विजेची सूचना देते. आपल्या जागेभोवती २० व ४० किलोमीटरांच्या वर्तुळात वीज पडत असल्यास ते इशारा देते. भातकापणी ऑक्टोबरात येते, आणि परतीच्या पावसाचा गडगडाट त्याच दिवसांत दुपारी तीननंतर सुरू होतो. कापलेले भात भिजेल या धास्तीने सगळे घर भारे उचलण्यास उघड्या खाचरात धावते, आणि नेमकी तीच वेळ घाताची असते. भात वाळविता येते. ॲपाने इशारा दिला की विळे तेथेच टाकून पक्क्या घराकडे निघावे. झाडाखाली, विजेच्या खांबाजवळ अथवा शेतातील उघड्या मांडवात थांबू नये. रेंज नसेल तेथे जुना हिशेब उपयोगी पडतो. ध्वनी एका सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरास तीन सेकंद. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईतो तीसच्या आत आकडे मोजून झाले, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. त्याच क्षणी निघावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत खाचरात उतरू नये. घरी पोहोचणे शक्यच नसेल तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये, आणि चौघांनी एकमेकांस बिलगून बसू नये.

राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली ‘महाविस्तार’ नावाचे ॲप काढले. त्यास मराठीत प्रश्न विचारला की ते मराठीत उत्तर देते. योजनांची माहिती व बाजारभाव पाहण्यास ठीक आहे. करप्यासारखा रोग मात्र पान हातात धरून जाणत्या माणसास दाखवावा, मग औषधास पैसे घालावे, असे आमचे मत आहे.

प्रवासासाठी एम-इंडिकेटर. सचिन टेके या मुंबईच्या मराठी तरुणाने २०१० साली केलेले हे ॲप लोकलचे वेळापत्रक इंटरनेटवाचूनही दाखविते. कर्जत-खोपोलीकडील गाड्या थोड्या. विठ्ठलवाडीच्या फलाटावर भाजीची पाटी घेऊन ताटकळण्यापेक्षा आधी पाहून घरून निघावे हे बरे.

लिहिण्याच्या कामी आवाजावरून टंकण्याची सोय आम्ही रोज वापरतो. गूगलने २०१७ साली मराठीचा तीत समावेश केला. अर्जाचा मसुदा बोलून काढावा व नंतर एकदा वाचून शुद्ध करावा; ‘गट’ याचे ‘घट’ आणि ‘बोजा’चे भलतेच काही झालेले पुष्कळदा आढळते. जमाखर्च मात्र आम्ही अद्याप वहीतच लिहितो. मोबाइल पाण्यात पडतो, वही पडली तरी वाळते. मोबाइलातील ध्वनिमुद्रणाचा मात्र एक उपयोग आम्हांस सर्वांहून गोड वाटतो. गी पॉयट्व्हँ व हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आपल्या घरातील आजीस, आत्यास, लावणीच्या वेळी गाणाऱ्या बायांस ज्या येतात त्या कोणी जमविणार? दुपारी जेवणे झाल्यावर मोबाइल शेजारी ठेवावा, बटण दाबावे, आणि म्हणावयास सांगावे. गावाचे नाव, बाईचे नाव व तारीख आरंभीच बोलून घ्यावी, म्हणजे पुढे ओळख पटते.

पैशाच्या देवघेवीस भीम ॲप, जे ३० डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाले, किंवा त्याच धर्तीचे दुसरे एखादे पुरेसे आहे; दोन-चार ठेवण्याची गरज नाही. यात एकच नियम पाठ असावा. गुप्त पिन घालावा लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच नाही. ‘तुमचे अनुदान आले आहे, पिन घाला’ असे जो सांगतो तो चोर समजावा. दुसरा धोका व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फायलींचा. पीएम किसानच्या अथवा आणखी कोणत्या योजनेच्या नावाने ‘एपीके’ या अक्षरांनी संपणारी फाइल गटांतून फिरते. ती उघडून बसविली की मोबाइलावर येणारे ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात. सरकारी ॲप केवळ प्ले स्टोअरवरून घ्यावे, आणि तेथेही ते कोणत्या खात्याने काढले आहे हे नाव वाचून घ्यावे. पाठविणारा सख्खा भाऊ असला तरी त्याने पाठविलेली फाइल उघडू नये, कारण बहुधा त्यासही ती दुसऱ्याकडूनच आलेली असते. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पहिल्या तास-दोन तासांत कळविल्यास पुढच्या खात्यात रक्कम थोपविण्याचा संभव अधिक असतो. बँकेस कळवावे, आलेले निरोप पुसून टाकू नयेत, आणि तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो तारीखवार वहीत उतरवून ठेवावा.